आकड्यांच्या पट्ट्या आणि विजेची वाटणी

सात सरळ पट्ट्यांपैकी काही दाखवून व काही लपवून शून्यापासून नवापर्यंतचा कोणताही अंक दाखवता येतो आणि दशांश चिन्हाचा ठिपका धरला तर एका अंकासाठी एकूण आठ भाग स्वतंत्रपणे हाताळावे लागतात. चार अंकी दर्शकात असे बत्तीस भाग होतात; प्रत्येकासाठी एक वेगळी तार आणि सर्वांसाठी मिळून परतीची एक सामाईक तार असा सरळ मार्ग धरला, तर तेहेतीस तारा ओढाव्या लागतात. दर्शक चालवणाऱ्या छोट्या मायक्रोकंट्रोलरला बहुधा तेवढ्या पिनाच नसतात, आणि असल्या तरी बटणे, संवेदक व इतर कामांसाठी काही उरत नाही. म्हणून या बत्तीस भागांची आडव्या-उभ्या ओळींत मांडणी करून चार सामाईक तारा आणि आठ पट्ट्यांच्या तारा अशा बारा तारांवर सगळे काम भागवले जाते. एकेका सामाईक तारेला, म्हणजे कारागिरांच्या भाषेतल्या ‘कॉमन’ला, पाळीपाळीने निवडून तिच्यावरच्या आठ भागांना त्यांची माहिती पुरवायची, या पद्धतीला मल्टिप्लेक्सिंग म्हणतात.

एलईडीचा दर्शक आणि एलसीडीचा दर्शक हे दोन्ही या पद्धतीने चालतात आणि दोन्हींच्या तारांची संख्याही बाराच भरते, त्यामुळे एकाला लागू पडणारी युक्ती दुसऱ्याला जशीच्या तशी लागू पडेल असा समज सहज होतो. हा समज चुकीचा आहे, आणि त्याची चूक नेमकी कुठे आहे हे पाहिल्यावर दोन्ही तंत्रांचे मर्म हाती लागते. एलईडीमध्ये वाटला जातो तो वेळ. ज्याची पाळी नाही त्याला काहीच मिळत नाही. एलसीडीमध्ये मात्र ज्याची पाळी नाही त्यालाही विजेचा काही वाटा मिळतोच, तो टाळता येत नाही, आणि सगळे कौशल्य तो वाटा सर्वांना सारखा व निरुपद्रवी ठेवण्यात असते.

एलईडी म्हणजे प्रकाश देणारा डायोड. डायोड वीज एकाच दिशेने वाहू देतो आणि त्याच दिशेनेही विद्युतदाब एका मर्यादेपर्यंत पोहोचेपर्यंत जवळजवळ काहीच वाहू देत नाही. लाल एलईडीसाठी ही मर्यादा सुमारे १.८ ते २ व्होल्ट असते. त्यानंतर मात्र प्रवाह झपाट्याने वाढतो, म्हणून तो आवरण्यासाठी जोडीला रोधक, म्हणजे रेझिस्टर, द्यावा लागतो. निक होलोन्याक यांनी १९६२ साली जनरल इलेक्ट्रिकमध्ये दृश्य लाल प्रकाश देणारा एलईडी तयार केला आणि दहा वर्षांच्या आत त्याचे अंक मनगटी घड्याळांत व खिशातल्या गणकयंत्रांत दिसू लागले. मल्टिप्लेक्सिंगच्या दृष्टीने या डायोडपणाचे मोल फार मोठे आहे, कारण प्रत्येक पट्टी स्वतःच एक दरवाजा ठरते. ज्या अंकाची कॉमन तार तोडलेली आहे त्या अंकातून वीज आडवाटेने शिरायचा प्रयत्न करू लागली, तर तिला वाटेत कुठला ना कुठला डायोड उलटा लागतो आणि ती अडते. न निवडलेला अंक म्हणूनच पूर्ण काळोखात राहतो.

चार अंकांचा दर्शक सेकंदाला १०० वेळा फिरवायचा असेल तर प्रत्येक अंकाच्या वाट्याला अडीच मिलिसेकंद येतात. एवढ्या वेगाने होणारी उघडझाप डोळ्यांना कळत नाही आणि चारही अंक एकाच वेळी तेवत असल्यासारखे दिसतात. प्रत्येक अंक फक्त चौथाई वेळ पेटलेला असल्यामुळे त्याचा उजेड पुरेसा राहावा यासाठी पेटलेल्या काळात चौपट प्रवाह द्यावा लागतो: पट्टीला सरासरी ५ मिलिअँपिअर हवे असतील तर तिच्या पाळीत २० मिलिअँपिअर. आठही भाग पेटले की कॉमन तारेतून १६० मिलिअँपिअर जातात आणि एवढे ओझे मायक्रोकंट्रोलरची पिन सहसा पेलू शकत नाही, म्हणून तिथे ट्रान्झिस्टर बसवावा लागतो. पाळी बदलताना आधीचा अंक पूर्ण विझण्यापूर्वी पुढच्या अंकाची माहिती तारांवर आली, तर शेजारच्या अंकाची फिकट छाया उमटते. त्यावर उपाय म्हणजे दोन पाळ्यांच्या मध्ये क्षणभर सगळेच विझवणे. याखेरीज एलईडीच्या मल्टिप्लेक्सिंगमध्ये फारसे गूढ नाही. अंकांची संख्या वाढली की प्रत्येकाचा वेळ घटतो आणि उजेड कमी होतो, पण विझलेली पट्टी विझलेलीच राहते. वाटणीची किंमत उजेडाच्या रूपाने मोजली जाते, स्पष्टतेच्या रूपाने नव्हे.

एलसीडीतली पट्टी स्वतः प्रकाश देत नाही. काचेच्या दोन तावांमध्ये काही मायक्रोमीटर जाडीचा द्रवस्फटिकाचा थर असतो. दोन्ही काचांच्या आतल्या बाजूंवर इंडियम-टिन ऑक्साइड या पारदर्शक व विद्युतवाहक पदार्थाचे लेपन पट्ट्यांच्या आकारात केलेले असते, आणि बाहेरच्या बाजूंना प्रकाशलहरींचे कंपन एकाच दिशेपुरते मर्यादित करणारे ध्रुवक चिकटवलेले असतात. आतले लांबट रेणू एका काचेपासून दुसऱ्या काचेपर्यंत जाताना हळूहळू वळत ९० अंशांचा पीळ घेतात आणि प्रकाशाच्या कंपनाची दिशाही आपल्याबरोबर वळवतात, त्यामुळे एकमेकांशी काटकोनात लावलेल्या ध्रुवकांतून तो आरपार जातो. दाब दिला की रेणू काचेला लंब उभे राहतात, पीळ मोडतो, प्रकाश अडतो आणि पट्टी काळी दिसते. ही पीळदार रचना मार्टिन शाड्ट आणि वोल्फगांग हेलफ्रिख यांनी बाझेलच्या हॉफमन-ला रोश कंपनीत शोधली व डिसेंबर १९७० मध्ये तिच्या पेटंटसाठी अर्ज केला; तिला लागणारे, नेहमीच्या तापमानाला टिकाऊ असलेले पदार्थ इंग्लंडमधल्या हल विद्यापीठात जॉर्ज ग्रे यांच्या गटाने १९७० च्या दशकाच्या आरंभी तयार केले. या दोन गोष्टी जुळून आल्या नसत्या तर बटणासारख्या सेलवर वर्षानुवर्षे चालणारे अंकी घड्याळ संभवले नसते.

विजेच्या दृष्टीने अशी पट्टी म्हणजे एक चिमुकला धारक, म्हणजे कपॅसिटर, असतो. तिच्यातून सतत प्रवाह वाहत नाही. दाब बदलताना काय तेवढी थोडीशी वीज आत-बाहेर होते, म्हणून संपूर्ण काचेला काही मायक्रोअँपिअर पुरतात. २२० मिलिअँपिअर-तास क्षमतेच्या नाण्याएवढ्या सेलवर ५ मायक्रोअँपिअर खाणारा दर्शक हिशेबाने ४४,००० तास, म्हणजे पाच वर्षे, चालू शकतो. वर वर्णिलेल्या एलईडी दर्शकाचे सगळे भाग पेटवले तर तीच साठवण दीड तासही पुरणार नाही, आणि मुळात असा सेल एवढा प्रवाह देऊच शकत नाही. १९७२ साली बाजारात आलेल्या पल्सर या एलईडी घड्याळात वेळ पाहण्यासाठी बटण दाबावे लागत असे, त्याचे कारण हेच. सेकोने १९७३ मध्ये आणलेल्या सहा अंकी एलसीडी घड्याळात मात्र वेळ सदैव समोर दिसत होती.

या काटकसरीबरोबर दोन बंधने येतात. पहिले बंधन असे की, द्रवस्फटिकाला सतत एकाच दिशेचा दाब दिला तर आत विद्युतरासायनिक क्रिया सुरू होऊन पदार्थ व लेपन दोन्ही खराब होतात, म्हणून दाबाची दिशा सारखी उलटवत राहावी लागते आणि सरासरीत उरणारा एकदिश दाब साधारणपणे ५० मिलिव्होल्टच्या आत ठेवावा लागतो. दुसरे बंधन असे की, रेणूंना दाबाची दिशा कळत नाही; अधिक ३ व्होल्ट आणि उणे ३ व्होल्ट हे त्यांना सारखेच. शिवाय त्यांची हालचाल मंद असते, कित्येक मिलिसेकंदांची, त्यामुळे क्षणोक्षणीच्या चढउतारांना ते दाद देत नाहीत आणि दाबाच्या वर्गांची सरासरी घेऊन तिचे वर्गमूळ काढल्यावर जो प्रभावी दाब येतो त्यालाच प्रतिसाद देतात. डायोडकडे असलेला एका दिशेचा दरवाजा द्रवस्फटिकाकडे नाही.

तारा मुबलक असतील तर ही दोन्ही बंधने सहज पाळता येतात. सामाईक तारेवर ० व ३ व्होल्ट यांच्यात हेलकावणारी चौकोनी लहर सोडायची. जी पट्टी दिसायला नको तिच्या तारेवर तीच लहर द्यायची, म्हणजे दोन्ही बाजूंमधला फरक नेहमी शून्य, आणि जी दिसायला हवी तिच्या तारेवर उलटी लहर द्यायची, म्हणजे फरक आळीपाळीने अधिक ३ व उणे ३. याला स्थिर चालन म्हणतात. काळ्या व कोऱ्या पट्ट्यांतला भेद इथे पुरेपूर असतो, पण तेहेतीस तारांचा प्रश्न परत उभा राहतो.

आता हीच काच चार कॉमन तारांवर चालवायची म्हटले, की एलईडीची रीत निकामी ठरते. न निवडलेली कॉमन तार नुसती तोडून ठेवली तर ती शांत राहत नाही. तिच्यावरच्या आठ पट्ट्या आठ धारकांप्रमाणे तिला पट्ट्यांच्या तारांशी जोडून ठेवतात आणि त्या तारांवर इतरांसाठी चाललेल्या माहितीनुसार तिचा दाब भरकटतो. परिणामी वरच्या ओळीत काय दाखवले आहे त्यावर खालच्या ओळीचा काळेपणा ठरू लागतो. म्हणून एलसीडीत कोणतीच तार मोकळी सोडत नाहीत. पूर्ण दाबाचे तीन सारखे भाग करून ०, १, २ आणि ३ व्होल्ट अशा चार पायऱ्या तयार करतात आणि प्रत्येक तार प्रत्येक क्षणी यांपैकी कुठल्या तरी पायरीवर ठेवतात. या पायऱ्या पाडण्याच्या प्रमाणाला बायस म्हणतात, इथे तो एक-तृतीयांश आहे. आणि प्रत्येक कॉमनला मिळणाऱ्या वेळेच्या वाट्याला ड्युटी म्हणतात, जो इथे एक-चतुर्थांश आहे.

एक पट्टी घेऊन तिच्या चार पाळ्या तपासल्या की ही योजना किती नेटकी आहे ते कळते. निवडलेली कॉमन ३ व्होल्टवर आणि बाकीच्या तीन १ व्होल्टवर ठेवल्या जातात. पट्टीच्या तारेवर, निवडलेल्या ओळीतला भाग काळा करायचा असल्यास ०, कोरा ठेवायचा असल्यास २ व्होल्ट देतात. त्यामुळे निवडलेल्या काळ्या भागाला ३ वजा ०, म्हणजे ३ व्होल्ट मिळतात आणि निवडलेल्या कोऱ्या भागाला ३ वजा २, म्हणजे १ व्होल्ट. ज्यांची पाळी नाही त्यांच्याकडे पाहिले तर तारेवर ० असेल तेव्हा १ वजा ०, म्हणजे अधिक १, आणि तारेवर २ असेल तेव्हा १ वजा २, म्हणजे उणे १ व्होल्ट त्यांना मिळतो. चिन्ह बदलले, पण वर्ग तोच राहिला. द्रवस्फटिक दिशा ओळखत नाही हे जे बंधन म्हणून समोर आले होते तेच इथे उपयोगी पडते, कारण इतर ओळींची माहिती काहीही असली तरी न निवडलेल्या भागाच्या हिशेबात तिचा मागमूस उरत नाही. यानंतर त्याच पाळीच्या उत्तरार्धात सगळ्या पायऱ्या उलटवतात, ३ च्या जागी ० आणि १ च्या जागी २, म्हणजे एकदिश दाबाची बेरीजही शून्य होते.

काळ्या पट्टीला चार पाळ्यांत एकदा ३ आणि तीनदा १ व्होल्ट मिळतात. वर्गांची बेरीज १२, सरासरी ३, वर्गमूळ १.७३ व्होल्ट. कोऱ्या पट्टीला चारही वेळा १ व्होल्ट मिळतो, म्हणून तिचा प्रभावी दाब १ व्होल्ट. स्थिर चालनात जिथे ० आणि ३ असा फरक होता तिथे आता १ आणि १.७३ एवढाच उरला आहे, आणि काचेत भरायचा पदार्थ असा निवडावा लागतो की १ व्होल्टला त्याचा पीळ अजून अभंग असेल आणि १.७३ व्होल्टला तो पुरता मोडलेला असेल. अशी ३ व्होल्टांची काच ५ व्होल्टांवर चालवली तर कोऱ्या पट्ट्यांनाही १.६७ व्होल्ट मिळतात आणि साऱ्या दर्शकावर आठच आठ उमटतात; त्यात बिघाड काही नसतो, दाबाची पातळी तेवढी चुकलेली असते. एलईडीत वाटणीची किंमत उजेडाने मोजली गेली. एलसीडीत ती काळ्या-कोऱ्यातल्या भेदाने मोजावी लागते.

कॉमन तारांची संख्या वाढत गेली की हा भेद किती आक्रसतो याचे गणित पॉल आल्ट आणि पीटर प्लेश्को या आयबीएममधील संशोधकांनी १९७४ साली मांडले. कॉमन तारांच्या संख्येचे वर्गमूळ घ्यायचे, त्यात एक मिळवून येणाऱ्या संख्येला त्यातून एक वजा करून येणाऱ्या संख्येने भागायचे आणि त्या भागाकाराचे वर्गमूळ काढायचे. काळ्या व कोऱ्या पट्टीच्या प्रभावी दाबांचे गुणोत्तर याहून जास्त करता येत नाही. दोन कॉमनना हे गुणोत्तर २.४१ येते, चारांना १.७३, आठांना १.४५, सोळांना १.२९ आणि चौसष्टांना अवघे १.१३. चार कॉमन आणि एक-तृतीयांश बायस ही जोडी या मर्यादेला अगदी जाऊन भिडते, आणि अंक दाखवणाऱ्या असंख्य काचा चार कॉमनांच्याच का असतात याचे एक सबळ कारण त्यात आहे. ही मर्यादा कारागिरीची नसून गणिताची असल्यामुळे नुसते चांगले घटक वापरून ती ओलांडता येत नाही.

तिच्यावर मात करण्याचे प्रयत्न म्हणूनच निरनिराळ्या दिशांनी झाले. स्वित्झर्लंडमधील ब्राउन बोव्हेरी कंपनीत टेरी शेफर आणि युर्गेन नेरिंग यांनी १९८० च्या दशकात रेणूंचा पीळ ९० अंशांवरून सुमारे २७० अंशांपर्यंत वाढवला. त्यामुळे दाबात झालेल्या किंचित बदलानेही रेणू पुरते उभे राहू लागले आणि शेकडो ओळींचे पडदे शक्य झाले. बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेत टी. एन. रुक्मांगदन यांनी एका वेळी एकच ओळ निवडण्याऐवजी अनेक ओळी एकत्र निवडण्याची पद्धत विकसित केली. ती गुणोत्तराची मर्यादा बदलत नाही, परंतु मोठ्या पडद्याला लागणारा दाब कमी करते. तिसरा मार्ग पीटर ब्रोडी यांनी १९७० च्या दशकात वेस्टिंगहाउसमध्ये दाखवला: प्रत्येक ठिपक्याच्या शेजारी काचेवरच एक पातळ ट्रान्झिस्टर घडवायचा. आजचे दूरचित्रवाणीचे व फोनचे एलसीडी पडदे याच मार्गाने चालतात. डायोडला जन्मतः मिळालेला दरवाजा द्रवस्फटिकाला अशा रीतीने बाहेरून बसवून देण्यात आला.

साध्या अंकी काचेत मात्र हा दरवाजा नसतो, म्हणून तिथे बारीकसारीक गोष्टी सांभाळाव्या लागतात. तापमान वाढले की द्रवस्फटिकाचा उंबरठा, म्हणजे पीळ मोडू लागण्यासाठी लागणारा दाब, खाली येतो आणि उन्हात तापलेल्या दर्शकावर कोऱ्या पट्ट्या पुसट दिसू लागतात; थंडीत उलट घडते आणि अंक रेंगाळत बदलतात. काचेकडे तिरके पाहिले तरी उंबरठा सरकल्यासारखे होते: गणकयंत्र हळूहळू तिरके करत गेले तर एका कोनात न दाखवलेल्या पट्ट्यांच्या करड्या छाया स्पष्ट उमटतात, आणि त्या छाया म्हणजे कोऱ्या पट्ट्यांना मिळणारा तो अटळ वाटाच होय. पायऱ्या पाडण्यासाठी तीन सारखे रोधक एकापुढे एक जोडतात. प्रत्येकी १०० किलोओहमचे घेतले तर ३ व्होल्टला त्यांतूनच १० मायक्रोअँपिअर जातात, म्हणजे काचेपेक्षा तिची शिडीच जास्त वीज खाते, आणि रोधक फार मोठे घेतले तर पट्ट्यांचे धारक वेळेत भरत नाहीत. वेगळा चालक, म्हणजे काच चालवणारी स्वतंत्र चिप, नसलेल्या मायक्रोकंट्रोलरवर कॉमनच्या प्रत्येक पिनेला दोन रोधक लावून तिला मधली, अर्ध्या दाबाची पायरी देण्याची युक्तीही वापरात आहे, पण चार कॉमनना तसे केल्यास गुणोत्तर १.७३ वरून १.५३ वर येते आणि ही घसरण डोळ्यांना जाणवते.

तारांच्या मांडणीतही फरक पडतो. एलईडीत एक कॉमन म्हणजे एक संपूर्ण अंक. चार कॉमनांच्या एलसीडीत मात्र एकच कॉमन सगळ्या अंकांतून आडवी फिरते आणि प्रत्येक अंकाच्या वाट्याला पट्ट्यांच्या दोन तारा येतात, कारण काचेच्या प्रत्येक बाजूवर लेपनाचा एकच थर असतो आणि त्यात तारांना एकमेकींवरून उडी मारता येत नाही. एलईडीसाठी लिहिलेला प्रोग्रॅम एलसीडीला लावताना अंकांचा तक्ता म्हणूनच नव्याने मांडावा लागतो.

मुंबईच्या रिक्षातील मीटरवर लाल एलईडी अंक असतात आणि घरातील विजेच्या मीटरवर करडी एलसीडी, यामागे वरचाच सगळा हिशेब आहे. रिक्षात बॅटरी मोठी असते आणि रात्री मागच्या आसनावरूनही भाडे वाचता यायला हवे. घराच्या मीटरला वर्षानुवर्षे भिंतीवर अखंड जागे राहायचे असते आणि अनेक मीटरांत वीज गेल्यावरही आतल्या छोट्या सेलवर वाचन दाखवावे लागते.

दोन्ही दर्शक पाळ्यांवर जगतात, म्हणून पाळ्या थांबल्या तर दोन्हींना इजा होते, पण निरनिराळी. प्रोग्रॅम अडकला तर एलईडीचा ज्याची पाळी चालू असेल तो एकच अंक पेटून राहतो आणि क्षणापुरता योजलेला चौपट प्रवाह त्यातून सतत जाऊ लागतो. तो झगझगीत होतो, तापतो आणि काही वेळाने जळू शकतो, मात्र बिघाड लगेच नजरेस पडतो. एलसीडीवर तारा आहेत त्या पायरीवर गोठतात, पट्ट्यांना एकाच दिशेचा दाब मिळू लागतो आणि आतला पदार्थ हळूहळू नासत जातो. होल्टेकचा एचटी१६२१ किंवा फिलिप्सने आणलेला पीसीएफ८५७६ यांसारख्या एलसीडी चालकांमध्ये स्वतःचे स्पंदक मंडल, म्हणजे ऑसिलेटर, आणि माहितीची छोटी स्मृती ठेवलेली असते ती यासाठीच उपयोगी पडते: मुख्य प्रोग्रॅम झोपला वा अडकला, तरी शेवटी लिहिलेले अंक घेऊन काचेवरचा दाब आपल्या गतीने उलटसुलट होत राहतो.